इंजिनाला गाळणी, आणि माणसांना?

आपल्याकडे गाडीची काळजी घेणं म्हणजे इंजिनाची काळजी घेणं. ऑइल बदललं का, एअर फिल्टर झटकला का, कूलंट किती आहे... चार पुरुष एकत्र आले की लग्नाच्या मांडवातही हेच चालतं. पण त्याच गाडीत बसलेली माणसं जी हवा ओढतात ती कुठून येते आणि कशातून गाळून येते, असं विचारून बघा. चेहरे कोरे!

तर मंडळी, सांगायचा मुद्दा आधीच सांगून टाकतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक छोट्या गाड्यांत इंजिनासाठी गाळणी आहे, प्रवाशांसाठी नाही. हा विसराळूपणा नव्हे, हा हिशोब आहे. तीन-चारशे रुपयांत तो आपल्याला दुरुस्त करता येतो, आणि तरी न करण्याला मला आजवर एकही धड कारण ऐकायला मिळालेलं नाही.

हिशोब का म्हणतो ते सांगतो. आमची गाडी 2008 सालची. पंधरा वर्षं झाल्यावर 2023 मध्ये पुनर्नोंदणी करून घेतली आणि अजून ती बिनतक्रार चालते. तिचा डावीकडचा ग्लव्हबॉक्स काढला की मागे एसीचा काळा प्लास्टिकचा डबा दिसतो. त्या डब्यावर आयताकृती आखणी आहे. ती पट्टी कापली की आत फिल्टर सरकवायच्या खाचा तयार! म्हणजे ज्याने डबा आखला त्याने तिथे फिल्टर धरला होता. पुढे कुणीतरी तो पैशांसाठी गाळला आणि भोक बुजवून गाडी आपल्याला विकली. घराला खिडकीची चौकट करायची आणि मग ती विटांनी बंद करून द्यायची, तसला प्रकार.

आता ही हवा येते कशी? वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिथून. ब्लोअर ती ओढतो, कूलिंग कॉइलवरून नेतो आणि तोंडावर सोडतो. मध्ये फिल्टर नसेल तर जाळीतून जे जे शिरेल ते सगळं आत. एसी चालू असताना कॉइल ओली असते, त्यावर धूळ बसते आणि चिखल होतो. पावसाळ्यात एसी लावल्यावर ओल्या पायपुसण्यासारखा जो वास येतो, तो याच चिखलाचा आणि त्यावरच्या बुरशीचा. त्यावर उपाय म्हणून आपण काय करतो? डॅशबोर्डवर सुगंधी बाटली चिकटवतो. धन्य!

बरं, आमचा रोजचा रस्ता नगर रोड. खराडीहून वाघोलीकडे. ज्यांना वाघोली माहीत आहे त्यांना तिथल्या दगडखाणी आणि खडीचे क्रशर माहीत आहेत. पुढे ताडपत्री न घातलेला डंपर, मागे सिमेंटचा मिक्सर, आणि मध्ये आमच्या गाडीत मागच्या सीटवर आई. तिला दमा आहे. पंप पर्समध्ये असतोच. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी गाडीच्या हौसेचा नाही.

आकडेही बघा. केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन, आणि फुफ्फुसात खोलवर जाणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक. या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असं आपल्याकडे 2009 साली ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं, 5 च्या वर नको. म्हणजे आपल्याकडे 'हवा मर्यादेत आहे' असं म्हणतात तेव्हाही ती आठपट असू शकते. आणि ही शहराची सरासरी झाली, डंपरच्या मागची नाही.

यावर जे युक्तिवाद येतात ते आता एकेक घेतो.

पहिला, घरातलाच. "आम्ही काय धूळ खाल्ली नाही? काही झालं का?" काका, तुम्ही खाल्लीत ती सायकलवर, मोकळ्या रस्त्यावर, मातीची. डिझेलची काजळी आणि सिमेंटची भुकटी बंद डब्यात बसून दीड तास नव्हे. आणि काही झालं की नाही, ते तुमचा सकाळचा खोकला सांगतोच आहे. (रागावू नका, रविवारी येतोय.)

दुसरा, गॅरेजवाल्याचा. "नका बसवू साहेब, कूलिंग कमी होतं." फिल्टर तुंबला की हवेचा झोत कमी होतो, हे खरंच. मग तो बदलायचा! दहा-पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा. आमच्यासारखा रस्ता असेल तर त्याआधीच. चहाची गाळणी तुंबते म्हणून कुणी चोथ्यासकट चहा पीत नाही. उलट फिल्टर नसेल तर कॉइलच तुंबते, आणि ती साफ करायला अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याचं बिल हजारांत येतं.

तिसरा, हुशार लोकांचा. "काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू. बाहेरची हवा घ्यायचीच कशाला?" डंपर पुढे असताना पाच मिनिटं हे ठीक. पण चार माणसं तीच ती हवा ओढत राहिली की कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो. डोकं जड होतं, पेंग येते, आणि पेंग मागच्यांना आली तर चालेल, चालवणाऱ्याला नको. बाहेरची हवा घ्यावीच लागते. प्रश्न एवढाच, की गाळून की तशीच.

चौथा युक्तिवाद मात्र मला खरोखर टोचतो. एका मित्राने विचारलं, "तू काच लावून गाळलेली हवा खाणार. शेजारी सिग्नलला स्कूटरवर बसलेली बाई तुझ्याच गाडीचा धूर खाणार. तिचं काय?" बरोबर आहे. माझ्या साडेतीनशे रुपयांनी नगर रोडची हवा तसूभरही सुधारत नाही. डंपरवर ताडपत्री, खाणीवर पाण्याचे फवारे, वेळेवर येणारी बस हीच खरी गाळणी, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण नळाचं पाणी गढूळ आलं तर पालिकेत तक्रार करेपर्यंत आपण मुलांना गढूळ पाणी देतो का? गाळून, उकळून देतो आणि तक्रारही करतो. फिल्टर बसवून भांडण सोडून द्यायचं, एवढं मात्र करू नये.

आता ज्यांना बसवायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानात 'केबिन फिल्टर' म्हटल्यावर तो इंजिनाचा काढून देऊ लागला तर 'एसी फिल्टर' म्हणा. ब्लोअर बंद ठेवून ग्लव्हबॉक्स काढा, आखलेली पट्टी जपून कापा, प्लास्टिकचे तुकडे आत पडू देऊ नका. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. कडेला फट राहिली तर हवा तिथूनच पळणार, म्हणून झाकण घट्ट बसवा आणि फोमची पट्टी लावा. डब्यात खाचाच नसतील तर स्पंज कोंबण्याचा जुगाड करू नका, तो पंख्यात जाऊन अडकेल.

आणि अपेक्षा बेताच्या ठेवा. साधा कागदी फिल्टर पराग आणि जाड धूळ चांगली अडवतो, बारीक कण काहीच प्रमाणात. कोळशाचा थर असलेला वासही कमी करतो. पण कार्बन मोनॉक्साइड यातला कुठलाच अडवत नाही. त्यामुळे इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं फिल्टर असला तरी जिवावरचंच. गाडीत धुराचा वास येत असेल तर आधी सायलेन्सर तपासा.

सहा महिन्यांनी आमचा पहिला फिल्टर काढला तेव्हा पांढऱ्याचा काळपट झाला होता. घड्यांमध्ये गुलमोहराची बारीक पानं, मेलेले डास आणि राखाडी भुकटी. आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं, "मग इतकी वर्षं हे कुठे जात होतं रे?"

हा प्रश्न मी गाड्या विकणाऱ्यांकडे पाठवतो. आज हेच लोक महागड्या मॉडेलात 'एअर प्युरिफायर' म्हणून दिवे लावून हवा विकतात. सीटबेल्टसाठी आपण वरचं मॉडेल घ्यावं, असं आता कुणी म्हणत नाही. श्वासासाठी तरी का म्हणावं?

असो. या रविवारी आपापला ग्लव्हबॉक्स उघडून बघा, आणि आत काय निघालं ते कळवा.