आठवं घर

सदर : मुकी बिऱ्हाडं

मांजरी पिलांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतात. व्याल्यावर तिची बिऱ्हाडं हलतच असतात : माळ्यावरून कोठीत, कोठीतून शेजारच्यांच्या अडगळीत, एकेक पिलू मानगुटीला धरून. या सात घरांचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. आठव्या घराबद्दल, म्हणजे दात पडल्यावर आणि पाय थकल्यावर लागणाऱ्या घराबद्दल, कुठल्या आजीने काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

ते आठवं घर मी गेल्या मे महिन्यात जयपुरात पाहिलं. बापूनगरात माझी आतेबहीण राहते. लग्न होऊन तिकडे गेल्याला तीस वर्षं झाली. दुपारचे चार वाजलेले, बाहेर अंग भाजणारी लू, आत कूलरची घरघर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला टांगलेली सलाइनची बाटली. माझ्या पोटात धस्स झालं. तिच्या सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. पण सासूबाई समोरच गवार मोडत बसल्या होत्या. बाटली मांजरीसाठी होती.

भावजींनी मांडीवर जुना टॉवेल पसरला आणि त्यावर एक करडी, हाडकुळी मांजर ठेवली. बहिणीने तिच्या दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलली आणि सुई सरकवली. मांजर ओरडली नाही, फक्त कान मागे घेतले. शंभर मिलिलिटर रिंगर लॅक्टेट कातडीखाली जायला पाच-सात मिनिटं लागली. पाठीवर वशिंडासारखा फुगवटा आला, तो रात्रीपर्यंत जिरून गेला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण दिवसाआड, आणि ती असेपर्यंत."

मांजरीचं वय बारा, माणसाच्या हिशेबात चौसष्टच्या आसपास. गल्लीत तिला 'माजीसा' म्हणतात. तिकडे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. मूत्रपिंडं थकलेली, तोंडात चार दात शिल्लक. आधीच्या मालकांनी गावाला जाताना तिला आठ दिवसांसाठी एका दवाखान्यात ठेवलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. तिथूनच बहिणीने तिला घरी आणलं.

आपल्याकडे मांजर मारलं तर सोन्याचं मांजर घडवून काशीला दान करावं लागतं, ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने मांजरं वाचली, पण पळवाटही निघाली. मारायचं नाही, पोत्यात घालून नदीपलीकडे नाहीतर मंडईत सोडून यायचं. पुढचं पाप मंडईवाल्यांचं. दवाखान्यात मांजर 'विसरून' येणारे माझ्या लेखी तेच पोतं घेऊन आलेले असतात, फक्त गाडीतून. याला कायदा आहे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमानुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. जयपुरात प्याज कचोरी आणि चहा याला याहून जास्त पैसे पडतात. सोन्याच्या मांजराचा धाकच बरा होता म्हणायचा.

हे जयपुरात घडलं याचं वाईट अधिक वाटतं, कारण या गावाने जनावरांसाठी मोठी कामं पाहिली आहेत. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी 1980 साली इथे 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था काढली; पुढे ती ऑस्ट्रेलियाहून आलेल्या क्रिस्टीन टाउनएंड यांनी सांभाळली. नोव्हेंबर 1994 पासून संस्थेने शहराच्या एका भागात कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस असं काम एकत्र सुरू केलं. 2002 अखेरपर्यंत सुमारे 25,000 कुत्री झाली, आणि त्या भागात रेबीजने माणसं दगावणं थांबलं. जगभरचे लोक या कामाचा दाखला देतात. मांजरांच्या वाट्याला असा दाखला नाही. 2019च्या पशुगणनेत कुत्री मोजली, ससे मोजले, हत्तीही मोजले. मांजर मोजलं नाही. जे मोजलंच नाही त्याच्या म्हातारपणाची व्यवस्था कोण करणार?

दत्तक घ्यायला येणाऱ्यांना पिल्लू हवं असतं. शक्य तर पांढरं, निळ्या डोळ्यांचं. त्यांना मी एरवी काही बोलत नाही, पण आज बोलते. पिल्लू ही सोडत आहे. ते पडदे फाडणार की मांडीवर बसणार, मोठेपणी त्याला काय दुखणं लागणार, काही ठाऊक नसतं. बारा वर्षांच्या मांजरीचं सगळं समोर असतं. स्वभाव घडलेला, दुखणं कागदावर. पहिल्या दिवशी तुमच्या हातात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं किती थकलीत ते सांगणारा, आकडा येतो. पिल्लाच्या बाबतीत तो दहा वर्षांनी अचानक येतो.

मूत्रपिंडाचं हे दुखणं म्हाताऱ्या मांजरांत फार. त्याची मुळं वाळवंटात शोधावी लागतात. घरच्या मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर; त्याचा आशियाई भाऊबंद आजही जैसलमेरकडच्या थरच्या वाळवंटात फिरतो. या कुळाला पाणी फारसं भेटलंच नाही. उंदीर-पाखरांच्या मांसातल्या ओलाव्यावर ते जगलं, आणि मूत्रपिंडं थेंबनथेंब पिळून घ्यायला शिकली. तहान मात्र जेमतेम राहिली. अशा जनावराला आपण वर्षानुवर्षं नुसते कोरडे दाणे घालतो. मूत्रपिंडांचं बहुतेक काम थांबेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा लोक खूश होतात : "हल्ली आमची मनी छान पाणी पिते!" म्हाताऱ्या मांजराची वाटी लवकर रिकामी व्हायला लागली, मातीच्या ट्रेमधले गोळे मोठे व्हायला लागले, तर खूश होऊ नका. रक्त-लघवी तपासा.

माजीसासाठी बहिणीने घरात पाण्याच्या चार पसरट वाट्या ठेवल्या आहेत, चार कोपऱ्यांत. जेवण ओलं, मूत्रपिंडासाठीचं, पाकिटातलं. इथे खरी लढाई झाली. घर शाकाहारी. सुरुवातीला सासूबाईंनी दूध-पोळी कुस्करून घातली, जशी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घातली आहे. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि पोळीवर मांजर जगत नाही. त्याला टॉरिन लागतं, ते मांसात असतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून ढिलं पडतं आणि वेळेत दिलं तर सावरतं, हे पॉल पायन या अमेरिकन पशुवैद्याने 1987 मध्ये दाखवलं. तत्त्व तुमचं, पोट तिचं. ते मान्य नसेल तर ससा पाळावा. बापूनगरात तोड निघाली : पाकीट बाल्कनीत फोडायचं, वाटी वेगळी, घासणी वेगळी. सासूबाई तिकडे बघत नाहीत, पण वाटी रिकामी झाली का ते रोज विचारतात.

आणि एक, पुन्हा पुन्हा सांगावं असं. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराला देऊ नका. ती पचवायची सोय त्याच्या यकृतात नाही. एका गोळीत मांजर मरतं.

बाकीच्या दुखण्यांचं एवढं भय नको. मधुमेही मांजराला बहुधा दर बारा तासांनी इन्सुलिन लागतं. सुई केसासारखी बारीक असते, आणि लवकर सुरुवात केली तर काहींचं इन्सुलिन सुटतंही. मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या एफआयव्ही विषाणूची लागण माणसाला होत नाही. तो मांजरांत मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, आणि घरात शांतपणे राहणारं असं मांजर अनेक वर्षं काढतं. आंधळ्या मांजराला एकच गोष्ट लागते : सोफा जागचा हलवू नका.

मूत्रपिंडाचं कळलं तेव्हा शेजारच्यांनी सल्ला दिला, परत देऊन टाका, उगाच कशाला जिवाला घोर. बहीणही डळमळली होती. सासूबाई म्हणाल्या, "माझंही वाढलंय गं क्रिएटिनिन. मला कुठल्या दवाखान्यात विसरून येणार आहेस?"

त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही.

तरीही दयेच्या भरात म्हातारं, आजारी मांजर आणू नका, हेच माझं म्हणणं आहे. दया आठ दिवस टिकते, औषधं रोज लागतात. पहिले पंधरा दिवस ते पलंगाखालून बाहेर येणार नाही. हात घालून ओढायचं नाही. दर महिन्याला वजन करावं लागेल. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरलं तर दहावा हिस्सा गेला, आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही. पैसे किती लागतील ते घरी नेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा; त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन दांडगे बोके घरात आधीच नांदत असतील तर नको. घरातलं एक जरी माणूस मनापासून विरोधात असेल तर नको.

आणि शेवटी दुखणं हाताबाहेर गेलं, मांजर खायचं थांबलं, तर डॉक्टरांकडून शांतपणे निरोप देण्याचा निर्णयही तुमच्याच गळ्यात पडेल. माझ्या बहिणीने तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून, उत्तर वहीत लिहून ठेवलं आहे. वहीत त्याच्याच शेजारच्या पानावर गल्लीतल्या एका नर्सबाईंचा नंबर आहे. दिवाळीत हे लोक पुण्याला येतात तेव्हा त्या येऊन सलाइन लावतात.

म्हातारं मांजर आणायचा विचार असेल तर आधी असा नंबर मिळवा, मग मांजर बघायला जा.