अनामत कोणाची, व्याज कोणाचे?

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. परंतु सोन्याच्या या पाळण्यात निर्धास्त झोप लागते ती ज्याच्या नावावर घर आहे त्यालाच. कुंडलिका नदीने या शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केले, हे शाळेतले मूलही सांगेल. कोणत्याही नकाशावर न दिसणारी आणखी एक विभागणी या शहरात आहे : एकीकडे अनामत घेणारे आणि दुसरीकडे अनामत भरणारे.

पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे उभा राहणारा कामगार, बियाण्यांच्या कारखान्यात निवडणीला जाणारी बाई, मोंढ्यातला हमाल, दुष्काळाने गाव सोडायला लावलेला अल्पभूधारक, या सर्वांना शहरात पाय ठेवताच पहिली गोष्ट लागते ती खोली. जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत ती मिळते. पण चावी हाती पडण्यापूर्वी अनामत मोजावी लागते. ही रक्कम बचत गटाच्या कर्जातून येते, सावकाराकडून येते, नाहीतर अंगावरचा डाग गहाण पडून येते. बहुधा ती रोख दिली जाते आणि बहुधा तिची पावती नसते.

खरा प्रश्न उभा राहतो तो खोली सोडण्याच्या दिवशी. मालकाला खोली हवी असते, भाडेकरूही जाण्यास तयार असतो. मात्र अनामतीचा विषय निघताच भिंतीचा रंग, नळाची तोटी, फुटलेली कौले आणि विजेचे बिल यांची यादी पुढे येते. यादी संपली की ‘नवा भाडेकरू येऊ द्या, मग देतो’ हे उत्तर ठरलेलेच. इकडे दुसऱ्या घराचा मालक आपली अनामत आगाऊ मागत असतो. पहिली रक्कम सुटल्याशिवाय दुसरी भरता येत नाही आणि दुसरी भरल्याशिवाय पहिले घर सोडता येत नाही. अशा कात्रीत सापडलेल्या कुटुंबाला मग ‘बेकायदा कब्जेदार’ हे नाव मिळते.

या ठिकाणी कायदा कोणाच्या बाजूला उभा आहे, हे तपासले पाहिजे. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाण भाड्याखेरीज पागडी किंवा अनामत घेणे हा मालकाचा गुन्हा ठरविला होता. निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा होता. हे दोन्ही कायदे मागे सारून ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात आला. त्याच्या कलम ५६ ने मालकाने पागडी वा अनामत घेणे कायदेशीर केले. काळा व्यवहार उजेडात येईल, असे समर्थन तेव्हा झाले. व्यवहार उजेडात आणायचा होता, तर घेतलेल्या रकमेला मर्यादा का घातली नाही? ती परत करण्याची मुदत का ठरविली नाही? घेण्याचा हक्क लिहिताना हात सैल सुटला आणि परत करण्याचे कर्तव्य लिहिताना शाई संपली, असा हा प्रकार आहे.

याच कायद्याचे कलम २४ पाहा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहत्या जागेचा ताबा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. ताबा मिळविण्यासाठी मालकाला नेहमीच्या न्यायालयाची पायरी चढण्याची गरज नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे संक्षिप्त सुनावणीची वेगळी वाट त्याला आखून दिली आहे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मिळविली नाही, तर राहणाऱ्याला आपली बाजू मांडण्याचीही सोय राहत नाही. अनामत बुडालेल्या माणसाला मात्र अशी कोणतीही वाट नाही. त्याने दिवाणी दावा लावावा, वकील द्यावा, रोजंदारी बुडवून तारखा कराव्यात. पाच हजार भाड्याच्या खोलीत महिनाभर अधिक राहिलेल्याला दहा हजारांचा भुर्दंड. आणि त्याचेच तीस हजार वर्षभर दाबून ठेवणाऱ्याला या कायद्यात ना दंड, ना ठरलेले व्याज. विलंब दोघांचा, शिक्षा एकाला! याला समान न्याय म्हणायचे काय?

अनामतीला व्याज असते हे शासनाला ठाऊक नाही, असेही नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क आकारताना परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरले जाते आणि ते भाड्यात मिळवून त्या बेरजेवर शुल्क घेतले जाते. तीस हजारांच्या अनामतीवर वर्षाला तीन हजार रुपये व्याज आहे, हे शासन स्वतःच्या वसुलीसाठी मान्य करते. ते तीन हजार ज्याच्या पैशाचे आहेत, त्याच्या हाती मात्र एक छदामही पडत नाही. तिजोरीसाठी खरे ठरणारे व्याज गरिबासाठी खोटे कसे ठरते, याचे उत्तर महसूल खात्याने द्यावे.

जुन्या जालन्यातला प्रत्येक घरमालक धनदांडगा नाही. एखादी विधवा किंवा निवृत्त शिक्षक दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे आणि त्याची थट्टा करणे कार्यकर्त्यांना शोभणार नाही. भाडे थकवून पळणारे आणि घराची नासधूस करणारे भाडेकरूही असतात. पण म्हणूनच अनामत दोघांपैकी एकाच्या खिशात न राहता तिसऱ्या, सार्वजनिक ठिकाणी राहिली पाहिजे. तिथे विधवेचा नुकसानीचा दावाही सुरक्षित राहील आणि हमालाची रक्कमही.

ही कल्पना स्वप्नाळू नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९७७ मध्ये कायदा करून भाड्याच्या अनामती सरकारी मंडळाकडे जमा करण्याची व्यवस्था केली. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून मालकाला अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. न ठेवल्यास तिच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. या देशांत ना खासगी मालमत्ता संपली, ना भाड्याने घर मिळणे बंद झाले. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. मात्र तो नमुना आहे; राज्याने कायदा केल्याखेरीज त्याला बळ नाही. शिवाय मुदतीनंतर राहणाऱ्यावर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे लादणारा हा नमुना डोळे झाकून स्वीकारण्याजोगाही नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी. ती करारनोंदणीच्या वेळीच सार्वजनिक निधीत जमा व्हावी व तिचे व्याज भाडेकरूला मिळावे. ताबा देण्याच्या दिवशीच ती परत व्हावी. वजावट हवी असल्यास मालकाने नुकसान सिद्ध करावे. तक्रार त्याच प्राधिकाऱ्याने, त्याच गतीने ऐकावी. आणि भाडेकरूच्या विलंबाला जो दुप्पट दर लागतो, तोच मालकाच्या विलंबाला लागावा.

विधिमंडळ जागे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खोली खाली करून घेण्यासाठी पाणी वा वीज तोडणे हाही गुन्हा आहे. हे किती भाडेकरूंना ठाऊक आहे? कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ गांधी चमनच्या परिसरात यासाठी द्यावी. अनामत शक्यतो बँकेमार्फत द्या, रोख दिली तर सहीची पावती घ्या, खोलीत शिरताना तिच्या स्थितीची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्या, एवढे जरी घरोघर पोहोचले, तरी अनेक कुटुंबांची पुंजी वाचेल.

जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. शहराचा दर्जा वाढला, जमिनीचे भाव वाढले आणि त्यांच्यापाठोपाठ भाडे व अनामतही वाढणारच. वाढला नाही तो फक्त भाडेकरूचा हक्क. तो कोणी दान म्हणून देणार नाही. गल्लीगल्लीत संघटित झालेल्या भाडेकरूंनाच तो मिळवावा लागेल.