‘कुत्ता गोळी’ आणि मानसोपचार क्लिनिकचे कपाट

मालेगावात ‘कुत्ता गोळी’ पकडली, ही बातमी आता आपल्याला नवीन राहिलेली नाही. धाड पडते, गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडून फोटो निघतो, दोन-चार तरुण आत जातात. थोड्या दिवसांनी दुसऱ्या मोहल्ल्यातून तशीच बातमी येते. छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळीला ‘बटन’ म्हणतात. या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न मागे पडतो. ही गोळी मुळात आहे तरी काय, आणि ती गल्लीपर्यंत पोहोचते कशी?

कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. भीतीचे झटके येणाऱ्या, जीव घाबरा होऊन झोप उडालेल्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञ हेच औषध मोजक्या मात्रेत, थोड्या काळासाठी देतात. म्हणजे क्लिनिकमध्ये जी गोळी दवा आहे, तीच नाक्यावर नशा होते. दारूसोबत किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधासोबत घेतली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. सवय लागल्यावर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणून ‘उद्यापासून हातही लावायचा नाही’ असे घरच्यांनी दरडावून चालत नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

कायदा याबाबत गप्प नाही. अल्प्राझोलाम एनडीपीएस कायद्याखाली येते. शिवाय औषध नियमांच्या ‘एच-१’ यादीतही आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीतले औषध विकताना मेडिकलवाल्याला वेगळे रजिस्टर ठेवावे लागते. चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांची, रुग्ण कोण, औषध कोणते, किती दिले, हे सगळे लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे असते. पण बिनचिठ्ठीचे पाकीट काउंटरवरून सरकते तेव्हा हे रजिस्टर कोरेच राहते.

दुसरी बाजू क्लिनिकची आहे. स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला मेडिकल दुकानासारखा परवाना लागत नाही. रुग्णाच्या सोयीसाठी हे बरोबरच आहे. पण मग त्या कपाटाची शिस्त डॉक्टर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवरच अवलंबून राहते. कपाटाला कुलूप असावे आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या गोळ्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, रोज मोजाव्यात आणि शिल्लक वहीत लिहावी. हिशेब जुळला नाही तर त्याच दिवशी विचारणा व्हावी. मुदत संपलेल्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता नोंद करून रीतसर नष्ट कराव्यात. काही औषधांना थंडावाही लागतो. रिस्पेरिडोनचे पंधरा दिवसांनी द्यायचे एक इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. भारनियमनाच्या गावात फ्रीज तासन्‌तास बंद राहिला, तर ते टोचूनही रुग्णाला हवा तसा गुण येईलच असे नाही.

औषध देताना माणूस तोच आहे ना, औषध तेच, मात्रा तीच, वेळ तीच, देण्याची पद्धत तीच, या पाच गोष्टी तपासायच्या असतात. आपल्याकडे पहिलीच गोष्ट फसू शकते. एका ओपीडीत दोन शेख सलीम सहज सापडतात. नुसती हाक मारून गोळी हातात देणे धोक्याचे आहे. वडिलांचे नाव, वय आणि केस पेपरचा नंबर विचारलाच पाहिजे. कर्मचाऱ्याने विचारले नाही तर आपण स्वतः सांगावे.

क्लिनिकमधून निघालेली गोळी पुढे आपल्या घरात येते. तिथे ती कुठे असते? टीव्हीवर, फ्रीजवर, नाहीतर अम्मीच्या उशाखाली. घरात मुले असतात, तरुण भाऊ असतो, कधी स्वतः रुग्णच जिवावर उदार झालेला असतो. अशा वेळी महिन्याभराच्या गोळ्या एकदम हाताशी असणे हाच मोठा धोका आहे. डॉक्टरांना सांगून आठवड्यापुरत्याच गोळ्या घ्याव्यात, कुलपाच्या डब्यात ठेवाव्यात आणि रोजचा डोस घरातल्या एकाच माणसाने द्यावा. उरलेल्या गोळ्या ‘तुलाही झोप येत नाही ना, घे अर्धी’ म्हणून शेजारणीला देऊ नयेत. रुग्ण ऐकत नाही म्हणून चहात गोळी विरघळवणेही बरे नाही. किती पोटात गेली ते कळत नाही, आणि एकदा लक्षात आले की तो घरचे जेवणही संशयाने बघतो. गोळी नको वाटते याचे कारण पुष्कळदा गुंगी, अंग कडक होणे किंवा वजन वाढणे हे असते. ते डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते.

रमजानचा विचार तर आधीच व्हायला हवा. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले औषध वाढते. हात थरथरणे, जुलाब, तोल जाणे, बोबडी वळणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा. सहेरी-इफ्तारला डोस कसा बसवायचा हे डॉक्टर ठरवतील, आपण मनाने ठरवू नये. आजारी माणसाला रोजातून सूट कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

या सगळ्यात एक भीती आहे. धाडी वाढल्या की काही मेडिकलवाले झंझट नको म्हणून चिठ्ठी असूनही गोळी ठेवत नाहीत, आणि घरचेही ‘ही तर नशेची गोळी’ म्हणून खऱ्या रुग्णाचे औषध बंद करतात. देशात आधीच मोठी दरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. नशा थांबवताना या रुग्णांचे औषध थांबता कामा नये.

मग समाजाने काय करावे? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आवश्यक यादीतली मानसोपचाराची औषधे सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या रुग्णालयांपर्यंत मोफत मिळाली पाहिजेत. आपल्या तालुक्यात ती मिळतात का, हे लेखी विचारा. अन्न व औषध प्रशासनाने एच-१ रजिस्टर किती वेळा तपासले, तेही विचारा. पकडलेल्या मालाचा बॅच नंबर कोणत्या घाऊक विक्रेत्यापर्यंत जातो, याचा पाठपुरावा मोहल्ला कमिट्यांनी करावा. नाक्यावरचा पोरगा आत गेला, पण पुरवठा करणारा बाहेर राहिला, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या पोराच्या हातात पाकीट येणार. आणि घरात कुणी या गोळीत अडकले असेल, तर लपवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो.