थुंकी आपली, ज्ञान जगाचं, रिपोर्ट कुठाय?

'सीबीनॅट केली, साधा टीबी निघाला, घाबरू नका!' मित्रांनो, वीस वर्षांच्या बातमीदारीत हे किती वेळा ऐकलं. अहो, साधा कशावरून? औषधांच्या बाबतीत ही तपासणी जंतूचं एकच जनुक बघते, आरपीओबी. त्यावरून रिफाम्पिसिनचं कळतं, बस. आयसोनियाझिडचा दगाफटका मुख्यतः कॅट-जी नावाच्या दुसऱ्याच जनुकात असतो.

हे शोधतात कसं? औषधाला पुरून उरलेले आणि मेलेले असे हजारो जंतू घ्यायचे, त्यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवायची आणि फरक कुठे ते बघायचं. पण एका कुळातल्या जंतूंत बाकीचे बदलही सारखेच. चोराबरोबर संन्यासीही सापडतो! म्हणून आधी भावकी ओळखायची, मग आरोप ठेवायचा. 'क्रिप्टिक' गटाने २०२२ मध्ये १०,२२८ जंतू आणि १३ औषधं घेऊन हेच केलं. या प्रकल्पात मुंबईच्या प्रयोगशाळाही होत्या.

म्हणजे विज्ञान मुंबईपर्यंत आलंय, अडलंय ते तालुक्याच्या वाटेवर. आयसोनियाझिडसाठी एलपीए तपासणी सरकारच्याच नियमात आहे. तरी नमुना गेला का, विचारलं की 'बघतो', 'साहेब मीटिंगला आहेत'. तोवर पेशंट अर्धवट लागू पडणारी औषधं गिळतोय.

नवीन इमारतीची फीत नंतर कापा, साहेब. आधी एलपीएचा रिपोर्ट द्या. आणि मित्रांनो, घरात टीबीचा पेशंट असेल तर गोळ्या एक दिवसही चुकवू नका, पण हा रिपोर्ट मागा. हक्काने मागा.