रेवतीची गादी

आद्य मराठी कादंबरीकार स्त्रियांवर व्याख्यान असले की वक्ते त्यांचे हाल सांगतात आणि खाली बसतात. काशीबाई कानिटकरांच्या वाट्याला तर हे हमखास येते. १८६१ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, शिकलेली बायको हवी असा पती गोविंदरावांचा हट्ट आणि सासरच्यांच्या नजरा चुकवून केलेले वाचन. सगळे खरे. श्रोते हळहळतात. पण त्यांची कादंबरी ‘रंगराव’ १८८६ पासून मासिकात क्रमशः येऊ लागली, ती कोणी वाचली आहे का, असे विचारले तर सभागृहात किती हात वर होतील?

बडोदेकरांनी निदान त्यांची ‘पालखीचा गोंडा’ तरी वाचावी, कारण ती संस्थानाची गोष्ट आहे. वैभवाच्या मोहापायी रेवतीला मतिमंद राजाच्या गळ्यात बांधतात. ती रडत बसत नाही. कारभार हातात घेते आणि बायकांच्या बळावर राज्य चालवून दाखवते. मधूनमधून उपदेश फार होतो, हे कबूल. पण धाडस पाहा.

आपल्या बडोदे संस्थानात १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, १९०६ मध्ये मुलींसह सर्वांना सक्तीचे शिक्षण आले, १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा. त्याचा अभिमान बाळगावाच. मात्र त्याविषयी बोलताना आपले क्रियापद एकच असते: सयाजीराव महाराजांनी ‘दिले’. काशीबाईंची कादंबरी नेमकी इथे टोचते. देणाऱ्याच्या जागी बाईच बसली तर?

बडोद्यातही बाई गादीच्या अगदी जवळ आली होती. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. ते सयाजीराव झाले. राजा महाराणीच्या मांडीवर आला, कारभार मात्र दिवाण टी. माधवरावांकडे गेला. पुढे सयाजीरावांच्या महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी ‘पालखीचा गोंडा’ पुस्तकरूपाने आली. बायकांच्या राज्याचीच गोष्ट सांगणाऱ्या बेगम रुकैयांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ या कथेचे कौतुक आज जगभर होते, ते रास्तच आहे. पण रुकैयांचे स्त्रीराज्य स्वप्नात आहे. काशीबाईंचे संस्थानात, खजिना आणि कारकुनांसकट.

म्हणून शहरातल्या मराठी मंडळांना एक सुचवणे. पुढच्या कार्यक्रमात नवव्या वर्षीचे लग्न दोन मिनिटांत उरका आणि उरलेला वेळ रेवतीचा कारभार वाचून दाखवा. वक्त्याने पुस्तक वाचून यावे, एवढीच अट.