आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून?

राष्ट्राचे परराष्ट्रधोरण परराष्ट्रखात्यात ठरते, असा एक भाबडा समज आहे. सोव्हिएत संघराज्याच्या अखेरच्या सहा-सात वर्षांचा इतिहास ज्याने डोळसपणे पाहिला, त्याचा हा समज टिकणार नाही.

मार्च १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. शस्त्रागारे अण्वस्त्रांनी भरलेली आणि दुकानांपुढे मात्र रांगा, अशी त्या महासत्तेची अवस्था होती. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि परकीय चलनाचा ओघही आटला. शस्त्रस्पर्धेला आवर घातल्यावाचून घर सावरणार नाही, हे गोर्बाचेव्ह यांनी ओळखले होते. परंतु धोरण बदलायचे, तर आधी माणसे बदलावी लागतात. अठ्ठावीस वर्षे परराष्ट्रमंत्री असलेले ग्रोमिको जुलै १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या मखरात बसवले गेले; त्यांच्या जागी शेवर्दनाद्झे आले. मे १९८७ मध्ये एक जर्मन तरुण आपले चिमुकले विमान घेऊन थेट मॉस्कोच्या लाल चौकापाशी उतरला. त्या नामुष्कीचे निमित्त साधून संरक्षणमंत्री सोकोलोव्ह यांना घरी धाडण्यात आले व याझोव्ह यांची नेमणूक झाली. मग वाट मोकळी झाली! डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेशी क्षेपणास्त्रांचा करार झाला. डिसेंबर १९८८ मध्ये पाच लाख सैन्य कमी करण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून फौजा परतल्या.

मग घात कोठे झाला? जगात जयजयकार झाला, पण घरची भाकरी काही वाढली नाही. दुखावलेले सेनाधिकारी आणि पक्षाधिकारी डूख धरून बसले. हुकूमशाही येत आहे, असा इशारा देऊन डिसेंबर १९९० मध्ये शेवर्दनाद्झे यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट झाला, त्यात तेच याझोव्ह सामील होते! कट फसला, पण लोक जमले ते येल्त्सिन यांच्याभोवती. का? येल्त्सिन यांनी जून १९९१ मध्ये रशियन जनतेचा कौल घेतला होता. गोर्बाचेव्ह यांना १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडले ते प्रतिनिधींच्या सभेने. जनतेपुढे ते कधी गेलेच नव्हते. २५ डिसेंबर १९९१ रोजी त्यांनी पद सोडले, तेव्हा त्यांचे राज्यच उरले नव्हते.

त्यांचे परराष्ट्रधोरण चुकीचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. युद्धाची छाया दूर सारणारा तो पुरुष जगाच्या कृतज्ञतेस पात्रच आहे. परंतु धोरणामागे लोकमताचे बळ उभे करण्याचे काम त्यांनी फार उशिरावर टाकले. माणसे बदलून धोरण बदलते. ते टिकते मात्र लोकांच्या बळावर. आडच कोरडा असेल, तर पोहऱ्याने काय करावे?