आशावादाचा आजार

१ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातले ५७ हजारांहून अधिक जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले; त्यातले १९ हजारांवर प्राणास मुकले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, आघाडीवरच्या सैनिकांनी स्वतःसाठी काढलेल्या एका छोट्या पत्रात चक्क आरोग्यविषयक जाहिरात झळकली. तुम्हाला आशावादाची बाधा तर झाली नाही ना, अशी काळजीने केलेली विचारपूस. लक्षणेही दिली होती: उगाच आनंदी वाटणे, सकाळी उठताच सारे सुरळीत चालले आहे असे भासणे. उपाय एकच, दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला या. मुक्काम अर्थातच खंदकात!

हे पत्र जन्मले त्याच वर्षी फेब्रुवारीत, बेल्जियममधल्या ईप्र या बेचिराख शहरात. शेरवूड फॉरेस्टर्सच्या १२व्या बटालियनला ढिगाऱ्यात छापखाना सापडला. कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स आणि लेफ्टनंट जॅक पिअरसन संपादक झाले. लष्करात येण्यापूर्वी छपाईचे काम करणारा एक सार्जंटही मिळाला. ‘ईप्र’ हा उच्चार सैनिकांच्या जिभेवर बसेना, म्हणून पत्राचे नाव ‘वायपर्स टाइम्स’. मुक्काम हलला की नाव बदलायचे. घरी बसून शौर्याची रसभरीत वर्णने लिहिणाऱ्या वार्ताहरांची त्यात यथेच्छ टिंगल असे. (आम्हा लेखणीवाल्यांना हे आजही झोंबावे.)

अशा हसण्याने खरेच काही होते का? होते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि त्याआधी व नंतर, दंडावर गार पट्टा बांधून किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून, वेदना किती सोसवते ते मोजले. पोट धरून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली होती. नुसते प्रसन्न वाटून तसे घडले नाही. हसताना छाती-पोटाच्या स्नायूंना पडणाऱ्या ताणामुळे मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे फिनलंडमधील संशोधकांना मेंदूच्या चित्रणातही, मित्रांसोबत हसताना ही यंत्रणा जागी होते असे दिसले. सोबत महत्त्वाची. खंदकातला विनोद खंदकातल्यालाच कळत होता, हीच त्याची ताकद होती.

पण ही ताकद प्रथमोपचाराची आहे. फेब्रुवारी १९१५मध्येच चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांची हकीकत मांडली होती. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, गंध आणि चव यांवर परिणाम झाला होता. ‘शेल शॉक’ हा शब्द तिथून रूढ झाला. अशा माणसाला विनोद सांगून काय होणार? तरीही ज्यांचे मन मोडले, त्यांच्यावर भेकडपणाचा शिक्का बसत राहिला. पळ काढणे, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली.

आपल्याकडे हीच गफलत रोज होते. अपघात विभागातले निवासी डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान, बंदोबस्तावरचे पोलीस मृत्यूवरही विनोद करतात. बाहेरच्याला तो निर्दयपणा वाटतो. तो बहुधा तसा नसतो. त्यांना त्यावरून दटावू नये. मात्र ‘हसतोय म्हणजे बरा आहे’ असे वरिष्ठांनी धरून चालणे अधिक घातक. पथकात जो सर्वांत जास्त हसवतो, त्यालाही झोप लागते का, तीच दृश्ये पुनःपुन्हा दिसतात का, दारू वाढली आहे का, हे एकदा बाजूला घेऊन विचारावे. आणि कालपर्यंत हसणारा अचानक गप्प झाला, तर त्याच दिवशी विचारावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.